व्याह्यांच्या गाडीतून कालिम्नोसला

१९ ऑगस्ट, बुधवार. नाफ्प्लिओ

पाण्याच्या पाठीवर वाट आखणाऱ्या, वाऱ्याला वेसण घालणाऱ्या आणि मातीच्या माणसाला नावाने हाक मारणाऱ्या त्या दयाघनाला नमन करून ही वही पुढे लिहितो. त्याच्या कृपेवाचून माझ्या लेखणीतून केवळ शाई उतरेल. आणि आज माझ्या मनात शाईहून काळे काही साचले आहे.

विषय नातवाच्या नावाचा आहे. येत्या रविवारी कालिम्नोस बेटावर माझ्या एव्दोकियाच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. माझी पत्नी ख्रिसान्थी बाळंतपणापासून तिथेच आहे. मी उद्या पिरेअसहून रात्रीच्या जहाजाने निघणार, आणि तेही एकटा नव्हे. व्याही स्तामातिस यांनी फोनवरून फर्मान काढले: "मास्तर, बसनं या अथेन्सपर्यंत. पुढं माझी गाडी आहे. नवी आहे. बसाल तर उठावंसं वाटणार नाही."

रूढी सांगते की पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव जाते. मी रूढी जाणतो. पस्तीस वर्षे मुलांना व्याकरण आणि धर्म शिकवला, आणि आजही आमच्या चर्चमध्ये उजव्या बाजूचा गायक मीच आहे. पण थोरल्या नातीला व्याह्यांच्या दिवंगत पत्नीचे नाव दिले गेले: मालामो. तेव्हा मी ब्र काढला नाही. मग आता मुलाचे नाव आमच्या घराकडून यायला नको काय? न्याय म्हणून काही असतो. पोलिकार्पोस हे नाव आमच्या वंशात पिढ्यान् पिढ्या एकाआड एक चालत आले. ते माझ्यापाशी येऊन थांबणार, असे वाटते.

मागायचे मात्र नसते. मागणाऱ्याचे नाव हलके होते.

२० ऑगस्ट, गुरुवार. पिरेअस

जहाज सुटले नाही. उत्तरेचा वारा वादळी झाला, आठ अंकावर गेला आणि बंदर अधिकाऱ्यांनी मनाई जाहीर केली. धक्क्यावर ट्रक, टरबुजांचे टेम्पो, लग्नाचे बँडवाले, सगळे उन्हात उभे. व्याही गाडीतून उतरून जो भेटेल त्याला "काय हो, कधी उठणार मनाई?" असे विचारत फिरले आणि तासाभरात अर्ध्या धक्क्याशी त्यांची ओळख झाली. मी गाडीत बसून संध्याकाळची प्रार्थना म्हटली. आसने खरोखरच मऊ आहेत. हेही मला आवडले नाही.

शेवटी रात्रीपुरते त्यांच्या घरी आलो. शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे विकून बांधलेले घर. दिवाणखान्यात माझ्या मुलीचे छायाचित्र आहे, तोंड उघडून हसतानाचे. असे हसताना मी तिला पाहिल्याचे मला आठवत नाही.

"हा फोटो कधीचा?" मी विचारले.

"ते होय! मी कालिम्नोसला पोरांच्या छतावर यंत्र बसवायला चढलो, आणि शिडी कुणी काढून नेली हो. दीड तास वर. ती खालून हसतेय आणि फोटो काढतेय. पोरगी नव्हे, कैदाशीण आहे."

माझ्या मुलीला कैदाशीण म्हणण्याइतके हे गृहस्थ तिच्या जवळ गेले आहेत. मला ती दर रविवारी फोन करते आणि विचारते, "बाबा, औषधं घेतलीत ना?" त्यांना ती केव्हाही फोन करते आणि काहीच विचारत नाही. हसते फक्त.

जेवताना त्यांनी एकाएकी विचारले, "मास्तर, तुमचा मुलगा गेला तो महिना कोणता?"

मी सुरी खाली ठेवली. त्या विषयावर मी बोलत नाही, या वहीतही लिहीत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. "नोव्हेंबर," एवढेच म्हणालो आणि पाणी मागितले. ज्या जखमेवरची पट्टी मी माझ्या पत्नीलाही सोडू दिली नाही, तिच्यावर हा माणूस टोमॅटोच्या कोशिंबिरीवरून हात घालतो. याला मोकळेपणा म्हणतात म्हणे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ

वारा अजून तसाच. व्याह्यांनी गाडीच्या मागच्या कप्प्यात एक मोठा पांढरा डबा ठेवला, निळ्या फितीने बांधलेला.

"हे काय?"

"बाळाचे कपडे. टॉवेल, चादर, टोपडं. आमच्या गल्लीतल्या बाईनं भरतकाम केलंय. नावासकट."

नावासकट! कपडे आणणे हा धर्ममातेचा मान. नाव उच्चारणे हाही तिचाच. बाळाची धर्ममाता कालिरोई ही माझ्या मुलीची मैत्रीण. तिचा मान स्वतःकडे ओढून घेऊन यांनी नाव दोऱ्यात बांधूनही टाकले. मी म्हणालो, "हे काम धर्ममातेचं असतं."

"तिनंच सांगितलं, काका तुम्ही करा. मी नाही म्हणणार का?"

अर्थातच नाही म्हणणार नाहीत. यांना कधी कोणी काही नाकारलेच नसावे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार. जहाजावर

दुपारी मनाई उठली, आणि जे धक्क्यावर माजले त्याला गोंधळ हा शब्द अपुरा आहे. गाडीबरोबर केवळ चालकाला आत जाता येते. बाकीच्यांनी पायी चढायचे. मी माझी पिशवी घेऊन बाजूच्या पुलावर उभा राहिलो आणि पाहिले. जहाजाचा मागचा जबडा उघडा होता, एक खलाशी दोन्ही हात हलवत ओरडत होता: "ये, ये, ये! डावीकडं तोड! अरे, तुझी डावी, माझी नव्हे!" व्याही ती चकचकीत गाडी उलटी चालवत आत गेले, काच खाली, एक हात बाहेर, आणि खलाशाला उद्देशून म्हणाले, "भावा, ही बायकोसारखी आहे, हळू!" खलाशी हसला. टरबुजांचा टेम्पोवालाही हसला. हा माणूस जहाजाच्या पोटात उलटा जातो तेव्हासुद्धा त्याला टाळ्या मिळतात.

गाड्या आत गेल्या की त्या तळमजल्याचे दार बंद होते. जहाज चालू असताना खाली कोणालाही सोडत नाहीत. त्या दाराआड तो डबा आहे. मला भूक लागलेली असूनही माझे मन त्या डब्यातच होते.

आज शुक्रवार, उपवास. मी पाव, ऑलिव्ह आणि तिळाचा हलवा खाल्ला. व्याही उपाहारगृहातून खिम्याचे गोळे घेऊन आले, वर भरपूर चीज.

"प्रवाशाला सूट असते ना, मास्तर?"

"आजाऱ्याला असते."

"मग मी आजारी आहे. डॉक्टरला विचारा, सगळं वाढलंय माझ्यात." आणि त्यांनी एक गोळा माझ्या ताटाच्या कडेला ठेवला, जणू मोह हा पाहुणचाराचाच भाग आहे.

सूर्य बुडताना आम्ही वरच्या डेकवर बाकावर बसलो होतो. लोक चटया पसरून, बुटांची उशी करून झोपायच्या तयारीत होते.   व्याही म्हणाले,

"मास्तर, एक शास्त्राची शंका. जो तरुणपणीच गेला, त्याचं नाव बाळाला ठेवलेलं चालतं? आमच्या दुकानातली बाई म्हणते, अपशकुन असतो."

त्यांचा धाकटा भाऊ विशीत गेला, हे मी ऐकून होतो. म्हणजे स्वतःचे नाव पुरेसे नाही; राखीव म्हणून भावाचेही हाताशी ठेवले आहे! तरीही विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे हे माझे कर्तव्य होते. मी म्हणालो, "अपशकुन हा अज्ञान्यांचा शब्द आहे. नाव बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येतं. मृत्यूचा त्यावर हक्क चालत नाही. जो गेला तो देवापाशी जिवंत आहे, आणि त्याचं नाव जो उचलतो त्याला एक राखणदार अधिक मिळतो."

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"माझ्या हरकतीचा प्रश्नच कुठे येतो?"

"तुमच्याच हरकतीचा येतो, मास्तर," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. थाप जोराची होती.

थोड्या वेळाने ते कठड्याशी जाऊन फोनवर बोलू लागले. वारा माझ्याकडे वाहत होता, त्यात माझा दोष नाही. "झालं, कालिरोई. परवानगी मिळाली... हो, मोठ्यानं म्हण हं. म्हातारा आत गाण्याच्या चौथऱ्याशी असणार, त्याच्या कानावर पडलं पाहिजे... छे छे, मास्तरांना आधी काही कळता कामा नये."

परवानगी कोणाची? बहुधा तिथल्या पाद्र्याची. आणि माझा पराभव मला मोठ्याने ऐकवायचा, ही खास योजना! जगातला पहिला खून भावाने भावाचा केला, आणि तो मत्सरातून. हे मी वर्गात किती वेळा समजावून सांगितले असेल. आज त्या पहिल्या मारेकऱ्याची बाजू मला थोडी कळली. प्रभो, हे वाक्य मी लिहिले आहे. खोडत नाही, तुला वाचता यावे म्हणून.

२२ ऑगस्ट, शनिवार. कालिम्नोस

हे लिहिण्यास हात धजत नाही. पण दैनंदिनीत खोटे लिहायचे असेल तर ती ठेवावी कशाला?

पहाटे जहाज लेरोस बेटाला लागले. तिथे उतरणाऱ्यांना खाली गाड्यांकडे जाण्याची हाक झाली आणि जिन्याचे दार उघडले. आमचे बेट पुढचे होते. व्याही खुर्चीत तोंड उघडे टाकून झोपले होते. मी उठलो आणि त्या गर्दीबरोबर खाली उतरलो.

खाली डिझेलचा वास, साखळ्यांचा खणखणाट. गाड्या इतक्या खेटून लावलेल्या की माझ्यासारख्या कृश माणसालाही तिरके व्हावे लागले. मागच्या काचेतून काही दिसते का पाहावे, म्हणून मी व्याह्यांच्या गाडीवर ओणवा झालो. फितीचे एक टोक दिसले. जरा अधिक ओणवा झालो, आणि गाडी किंचाळू लागली.

असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. दिवे उघडमीट करू लागले. तिच्या आवाजाने शेजारची गाडी जागी झाली, मग तिसरी. एक खलाशी धावत आला.

"ओ आजोबा! काय करताय तिथं?"

"ही आमची गाडी आहे."

"मग चावी?"

"चावी व्याह्यांकडे आहे."

"आणि व्याही?"

"झोपले आहेत."

"आता कसले झोपताहेत! आख्खं लेरोस उठलं!"

व्याही आलेच, सदऱ्याची बटणे उघडी. त्यांनी चावीचे बटण दाबले, आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मागच्या कप्प्याकडे पाहिले. मला वाटले, हसतील. ते हसले असते तर बरे झाले असते.

"डबा बघायचाय, मास्तर?" त्यांनी चावी पुढे केली. "घ्या. बघा. पण रविवारपर्यंत थांबलात तर मला फार बरं वाटेल."

मी म्हणालो, मला माझी गायनाची पुस्तके पाहायची होती. पुस्तके माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. त्यांना ती दिसत होती.

"बरं तर," ते म्हणाले आणि खलाशाकडे वळले. "माझ्याच गाडीत खोट आहे रे. माशी बसली तरी ओरडते."

त्यांनी माझी अब्रू राखली. लाच दिलेल्या माणसासारखे वाटले मला.

सकाळी कालिम्नोसच्या धक्क्यावर एव्दोकिया उभी होती. तिने आधी मला मिठी मारली, आणि मग त्यांना. त्यांना मारलेली जास्त वेळ टिकली, आणि ती त्यांच्या कानात काही बोलली, आणि तिचे डोळे भरले. मला पाहून तिने ते पुसले.

२३ ऑगस्ट, रविवार

बाप्तिस्मा झाला.

मी उजव्या चौथऱ्यावर उभा होतो, पुस्तक उघडलेले. नाव आधी चर्चच्या दाराशी उच्चारले जाते. आई तेव्हा बाहेर, पायऱ्यांखाली थांबते. मुलांपैकी कोणी धावत जाऊन तिला नाव सांगावे आणि खाऊ घ्यावा अशी इथली पद्धत. पाद्र्याने विचारले, "नाव?" मी मनाची तयारी करून ठेवली होती. ओठांवर क्षमेचा श्लोकही ठेवला होता, थोडासा कडू.

कालिरोई मोठ्याने म्हणाली, "इग्नातिस."

माझ्या मुलाचे नाव.

मी पुस्तकात पाहत राहिलो. बाहेर छोटी मालामो पायऱ्या उतरत किंचाळत होती, "आई! आई! इग्नातिस आलाय!" आणि मग एव्दोकियाचा आवाज, हसण्याचा की रडण्याचा, ते कळले नाही.

आमच्या घरात हे नाव त्या मोटारसायकलच्या दिवसापासून मोठ्याने कोणी घेतले नव्हते. मीच घेऊ दिले नव्हते.

पुढचे गीत माझे होते. पाद्री थांबले, माझ्याकडे पाहू लागले. मी भलतेच पान उघडले, मग पुन्हा तेच. तेवढ्यात चौथऱ्याच्या पायथ्याशी कोणीतरी पुटपुटले, "मास्तर, गा. तुम्ही नाही गायलात तर मला गावं लागेल, आणि मग चर्च रिकामं होईल." व्याही होते. मेणबत्ती वाकडी धरलेली, मेण बुटांवर सांडत होते.

मी गायलो. सूर पहिल्या ओळीत दोनदा सुटला. 

संध्याकाळी ख्रिसान्थीला विचारले, "तू मागितलंस का?"

"मी? एव्दोकियाकडून नाव कळलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही मागितलं. मग उन्हाळ्यात व्याह्यांचाच फोन आला. म्हणाले, मास्तरांना सोसवेल का? मी म्हटलं, मला नाही सांगता यायचं, त्यांनाच विचारा. तर शुक्रवारी जहाजावरून कळवलं, विचारलं, म्हणून. तुम्ही होकार दिलात, शास्त्रासकट." मग ती म्हणाली, "अहो, आज तरी बोला त्याच्याबद्दल. एखादी गोष्ट सांगा."

मी सांगितली. इग्नातिस सात वर्षांचा असताना उपासनेत माझ्या शेजारी उभा राहून माझ्या बरोबरीने तोंड हलवायचा, आवाज न काढता. विचारले तर म्हणाला, "बाबा, मी तुमच्या आत गातोय." ख्रिसान्थीला हे ठाऊक नव्हते. मग तिनेही एक सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. दिवा लावायचे राहून गेले.

२६ ऑगस्ट, बुधवार. परतीच्या जहाजावर

समुद्र शांत. दोन दिवस काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे जे होते ते अजून मनात हलत होते.

व्याह्यांना एकच मुलगा. स्तामातिस हे नाव आता कोठे जाणार? निघण्यापूर्वी मी एव्दोकियाला बाजूला घेऊन म्हणालो, "पुढचा मुलगा झाला, तर त्याला व्याह्यांचं..."

"बाबा!" ती हसली. तोंड उघडून, अगदी त्या छायाचित्रातल्यासारखी. "दोन पुरे आहेत आम्हाला. तुम्ही दोघे मिळून मला म्हातारी कराल."

म्हणजे हे देणे फिटणारे नाही. त्यांचे नाव त्यांच्यापाशीच थांबेल, आणि ते त्यांनी जाणून केले. मी आजच दुपारी त्यांना सरळ विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

ते कॉफी ढवळत राहिले. "वाटलं की. दोन रात्री झोपलो नाही. शेवटी म्हटलं, माझं नाव दुकानावर आहे, इतक्या मोठ्या अक्षरात. तुमच्या पोराचं कुठंच नाही."

आणि लगेच, "शिवाय पोलिकार्पोस ठेवलं असतं, मास्तर, तर पोरानं शाळेत मार खाल्ला असता."

मी हसलो. हसावे लागले म्हणून नव्हे.

आता ते समोरच्या बाकावर झोपले आहेत, कोट तोंडावर ओढून. मी रोजची प्रार्थना करतो तेव्हा नावे घेतो: पत्नीचे, मुलीचे, जावयाचे, नातीचे, आणि ज्याचे आजवर मनातल्या मनात घेत आलो त्याचे. व्याह्यांचे नाव मी आजवर घेत नव्हतो. विसरलो असे म्हणे. आज घेतले. पण प्रार्थना स्वच्छ झाली नाही. पूर्वी मला त्यांच्या गाडीचा हेवा वाटे, त्यांच्या हशाचा वाटे, माझ्या मुलीने त्यांच्या कानात बोललेल्या शब्दांचा वाटे. त्या साऱ्या हेव्यांना निदान मी क्षुद्र म्हणू शकत होतो. आता मला हेवा वाटतो तो याचा, की माझ्या मुलासाठी जे करायचे होते ते त्यांना सुचले आणि मला सुचले नाही. मी त्याच्या नावाऐवजी स्वतःचे नाव इच्छीत बसलो होतो. हा मत्सर आधीच्याहून मोठा आहे, आणि तो जावा असे मला पुरते वाटतही नाही.

म्हणून मी देवाला इतकेच म्हणालो: स्तामातिसला दीर्घ आयुष्य दे, त्याच्या दुकानाला बरकत दे, त्याच्या घशाला मात्र सूर देऊ नकोस, तेवढे माझ्यापाशी राहू दे. आणि पुन्हा कधी असे काही कोणाला सुचवायचे असेल, तर ते आधी मला सुचव.

ही वही कधी कोणाच्या हाती पडली, तर वाचणाऱ्या त्या प्रत्येकाचे घर भरलेले राहो. ज्यांची नावे त्याच्या घरात मोठ्याने घेतली जात नाहीत त्यांनाही देव सुखात ठेवो. आणि त्याच्या समुद्रांवर वारा बेताचाच असो.